दसऱ्याचं तेल

दसऱ्यानंतरचा रविवार, १९४९

बोटीची बॅटरी चार्ज होत नाही म्हटल्यावर मला करीमचाचांचाच संशय का आला? उत्तर देता येत नाही. द्यायची हिंमत नाही, हे जास्त खरं.

हैदराबादच्या हुसेनसागर तलावावरची आमच्या खात्याची मोटरबोट चाचाच चालवतात. परवा ती सुरूच होईना, तेव्हा सगळ्यांदेखत साहेबांना मी म्हणाले, "कुणीतरी मुद्दाम केलंय." नाव घेतलं नाही, फक्त त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षीच्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमान माणसाच्या बाबतीत तेवढं पुरतं. साहेबांनी त्यांना तिथूनच घरी पाठवलं. जाताना चाचा म्हणाले, "मैं कायकू बिगाडूंगा बिटिया? बोट तो मेरी रोटी है."

आज मी स्वतः तपासायला बसले. घरातली पहिली बी.एस्सी.! बॅटरीची टोकं साफ, वायरी ठीक. मग डायनामोचा पट्टा ओढून पाहिला, तर तो चाकावरून नुसता घसरत होता. बोटं तेलकट झाली. आणि लाल. कुंकू! दसऱ्याला इंजिनाची पूजा मीच केली होती, आई करते तशी, सढळ हाताने तेल लावून वर कुंकू. तेल पट्ट्यावर ओघळलं. डायनामो फिरणार कसा, बॅटरी भरणार कशी?

गुपचूप पुसून टाकावं, असं क्षणभर वाटलंच. पट्टा पुसलाही. नखांतलं कुंकू मात्र निघेना.

तशीच साहेबांच्या घरी गेले. बैठकीत पाहुणे होते. साहेब म्हणाले, "उद्या ऑफिसात बोलू."

"संशय चारचौघांत घेतला होता, साहेब," मी म्हणाले, आणि सगळं तिथेच उभ्याने सांगितलं.