सातवी ब, पाचवा तास

छत्रपती संभाजीनगर,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय इंद्रजीत यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इथं सगळं ठीक. फोनवरच बोलणार होते, पण तुमचा फोन तुमच्या सचिव मोनालीच्या हातात असतो. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं मला सांगताना ती बिचारी ओशाळते. म्हणून पत्र.

अठ्ठावीस तारखेला मी निवृत्त होते. चितेगावच्या आमच्या शाळेत एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्यानं शेवटचा तास नेहमीसारखा घ्यायचा आणि घरच्या एका माणसानं मागच्या बाकावर बसून तो पाहायचा. हार-सत्कार नंतर. गेल्या वर्षी आवडाबाईंचे मालक आले होते. अख्खा तास पेंगले, पण आले.

तुम्ही या शाळेत दोनदा आलात, दोन्ही वेळा व्यासपीठावर. लग्नाला बत्तीस वर्षं झाली; मला शिकवताना तुम्ही पाहिलेलं नाही. या वेळी पक्षाचे अध्यक्ष म्हणून नको, घरचे म्हणून या. सातवी ब, पाचवा तास, भूगोल. पस्तीस मिनिटं. आमचे शिपाई कचरूभाऊ म्हणाले, सायबांना लई उशीर झाला तर घंटा थोडी मागंपुढं करतो. तसं करू नका म्हणाले मी. मनातून बरं वाटलं.

लोभ आहेच, वेळही काढावा.

तुमची,
रूपा


नवी दिल्ली,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रूपा,
सप्रेम जयभीम.

पत्र मोनालीनं आधी उघडलं. तिनं मांडव, ध्वनिक्षेपक, जिल्ह्याचे पदाधिकारी असा दौराच आखला. तो कागद मी फाडला. येतो. एकटा. गाडी पैठण रोडवर सोडून चालत येईन.

आज सभागृहात बोलताना आवडाबाईंचे मालक आठवले आणि हसू आलं. विरोधकांना वाटलं, त्यांनाच हसलो. मी पेंगणार नाही, हे लिहून देतो.

मार्चमध्ये तू इथं यायचं कबूल केलं आहेस. सकाळी चहाला साठ माणसं असतात. जेवायला मी एकटाच असतो.

आठवण असू दे.

तुझा,
इंद्रजीत


नवी दिल्ली,
२ मार्च २०२५

प्रिय रूपा,
सप्रेम जयभीम.

काल सकाळी पोचलो. तास छान झाला. मुलं किती शांत! तू प्रश्न विचारलास आणि उभी राहिलीस. एकही हात वर येईना. वाटलं, शेवटचा दिवस, तू अडकलीस. म्हणून मीच उठलो. मुलं रमली, नाही का?

निघताना तुझे डोळे भरलेले दिसले. इतक्या वर्षांची शाळा सुटताना व्हायचंच.

दहा तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. स्टेशनवर मोनाली येईल.

वाट पाहतो.

तुझा,
इंद्रजीत


छत्रपती संभाजीनगर,
५ मार्च २०२५

प्रिय इंद्रजीत यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं.

मी अडकले नव्हते. प्रश्न विचारला की मी थांबते. दोन मिनिटं, कधी तीन. हुशार मुलांना नजरेनं गप्प ठेवते. मग एरवी न बोलणारं कुणीतरी बोलतं. मी असंच शिकवत आले.

देशाच्या नकाशावर आपलं चितेगाव का नाही, हा प्रश्न होता. राजनंदिनी नावाची मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. त्या दिवशी तिचा हात बाकावरून उचलला जात होता. तुम्हाला मागून दिसला नसेल. तुम्ही उभे राहिलात आणि तो खाली गेला.

उपेक्षित गावांवर तुम्ही पंचवीस मिनिटं बोललात. चांगलं बोललात. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तेवढ्यात तास संपला.

शनिवारी कपाटाची किल्ली द्यायला शाळेत गेले, तर राजनंदिनी जिन्यात थांबलेली. म्हणाली, नकाशा काढणारे पैठणच्या बसमध्ये झोपले असतील, म्हणून आपलं गाव राहून गेलं. उत्तर चूक. वर्ग खूप हसला असता, तीही हसली असती, आणि तिथून आम्ही नकाशाच्या प्रमाणापर्यंत पोचलो असतो. मला ते तासात हवं होतं. तुमच्यासमोर.

तुमची भाषणं मी बत्तीस वर्षं ऐकली. क्रांती चौकात गर्दीच्या कडेला उभी राहूनसुद्धा. तुम्ही माझा एक तास पाहावा, एवढंच होतं. आता तास नाही.

रागानं लिहीत नाही. तुम्ही त्या छोट्या बाकावर गुडघे मुडपून बसलात. पहिली पाच मिनिटं मी पाठमोरी फळ्यावर लिहीत होते. तुम्ही पाहताय, हे पाठीला कळत होतं. अक्षर उगाच जास्त नीट काढलं. त्या पाच मिनिटांसाठी तुम्ही आलात, असं मी धरून चालले आहे.

दहा तारखेच्या गाडीनं निघते. स्टेशनवर मोनालीला पाठवू नका. तुम्ही या.

तुमची,
रूपा