मिस्साचा हेतू

प्रिय मर्विन,

शनिवारी हंगामाचा शेवटचा सामना. देशातल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल लीगमध्ये माझा पोरगा आहे, असं मी गोखिवऱ्यापासून नायगावपर्यंत सांगत फिरलो. पण सबंध हंगाम तू राखीव गोलकीपर म्हणून बाकावरच बसलास. "बाबा, करार संपतोय. एकदाही उतरलो नाही तर मला कोण घेणार?" असं परवा म्हणालास, आणि तेव्हापासून फोन उचलत नाहीस.

काल तुझ्या नावाने प्रार्थनेची मिस्सा सांगायला चर्चमध्ये गेलो. फादरांनी विचारलं, "हेतू काय लिहू?"

"मर्विनला खेळायला मिळू दे," मी म्हणालो. आणि लगेच मनात आलं, तुला उतरायचं तर गुरविंदरला बाहेर जावं लागेल. गुडघ्याला पट्टा बांधून तोच गोल राखतोय. नाताळात आपल्या घरी "आंटी, और एक" म्हणत सांदणं खाऊन गेला तो.

"फादर, ते खोडा. गुरविंदरच्या आरोग्यासाठी लिहा," मी म्हणालो. मला वाटलं, तेवढ्याने मनातलं पाप थांबेल.

आज मिस्साच्या वेळी फादरांनी ते मोठ्याने वाचलं. सगळे म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." तुझ्या आईने मला कोपराने ढोसलं, "अवो, म्हणा की!"

माझं तोंड उघडलं नाही. मी गुडघे टेकून गुरविंदरच्या गुडघ्याचाच विचार करत होतो.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू फोन तेवढा उचल, पोरा.

तुझा बाबा,
युजीन