लुआंग फोंकडे न मागायची गोष्ट

बँकॉक, १२ मार्च, बुद्धसंवत २५३०

ति. थोंगयिप वन्सं यांस साइबुआचा सा. न. वि. वि.

तुम्ही धाडलेली प्लाथू माशांची टोपली पोचली. माना मोडून नीट बसवलेले मासे पाहून शेजारणीने विचारलं, कुणाच्या हातचे. नणंदेच्या हातचे म्हटल्यावर तिने दोन मागून नेले.

पत्रास कारण माझा ओट. त्याच्या फौजेच्या सोडतीचा कागद आला. नाव अजून तुमच्याच घराच्या नोंदणीत आहे, तेव्हा चिठ्ठी तुमच्या गावी, था प्लाथूलाच उचलावी लागणार, ३ एप्रिलला, शाळेच्या पटांगणात. काळी निघाली तर सुटला, लाल निघाली तर दोन वर्षं फौजेत. तो १ तारखेला तुमच्याकडे येईल. मला यायला जमणार नाही. सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, आधी कपड्यांचं काम इतकं असतं की मालकीण उठूसुद्धा देत नाही.

ह्यांना सोडतीच्या याच पेटीतून लाल चिठ्ठी आली आणि ओट पोटात असताना ते सीमेवर गेले. ओट सहा महिन्यांचा असताना त्यांची शवपेटी घरी आली. दुसऱ्यांदा मला ते सोसणार नाही, वन्सं. म्हणून मागच्या महिन्यात ह्यांच्या श्राद्धाला आले तेव्हा तुम्हाला न सांगता तुमच्या देवळातल्या लुआंग फोंच्या मूर्तीपुढे बसून नवस बोलले. काळी चिठ्ठी येऊ दे, शंभर उकडलेली अंडी वाहीन आणि नाचणाऱ्या बायका आणीन. तुम्ही हसाल म्हणून तेव्हा बोलले नाही. आता मनावरचं ओझं उतरलं आहे.

आपला लोभ मला पुरत आला आहे, पुढेही पुरावा.

आपली,
साइबुआ

*

था प्लाथू, १७ मार्च

चि. साइबुआस थोंगयिपचे आशीर्वाद. वि. वि.

हसले नाही. पत्र वाचताना गाडीची शिट्टी झाली, रुळांवरच्या आमच्या बाजारातल्या सगळ्यांनी ताडपत्र्या ओढल्या आणि मी तशीच बसून राहिले. समोरच्या मिरचीवालीने माझ्या टोपल्या रुळांवरून उचलल्या आणि वर चार शिव्या दिल्या.

अगं, काय करून बसलीस. आमच्या लुआंग फोंकडे मूल माग, ताप उतरू दे म्हण, लॉटरी माग, नवऱ्याची दारू सुटू दे म्हण. एक गोष्ट मागायची नाही, ती हीच. लुआंग फोंना शिपाई आवडतात. फौजेतून सुटका मागितली की ते नेमके त्याच पोराला निवडतात. इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. सोडतीचे दिवस आले की पोरांच्या आया दुसऱ्या गावच्या देवळात जातात, आपल्या देवळाकडे बघतही नाहीत. तू पुरते चार महिने या गावात नांदलीस आणि बाळंतपणाला उत्तरेला गेलीस ती गेलीसच. तुला कोण सांगणार. मीच सांगायला हवं होतं.

आता एक कर. बोललेला नवस ज्याने बोलला त्यानेच मागे घ्यायचा असतो, समोर बसून, तोंडाने. माझ्याने होत असतं तर आत्ता गेले असते. ३ तारखेच्या आधी ये. मालकिणीला सांग नणंद मेली.

ओटला यातलं काही बोलू नकोस.

माया आहे म्हणून बोलते, राग मानू नये.

थोंगयिप

*

बँकॉक, २२ मार्च

ति. वन्सं यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. त्या दिवशी तीन सदऱ्यांच्या बाह्या उलट्या शिवल्या. मालकिणीने मजुरी कापली नाही, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं. ओट मात्र मजेत आहे. विचारतो, आत्या अजून भांडते का.

रविवारी, २९ तारखेला, सकाळच्या गाडीने येते. पण वन्सं, मनात एक येतं ते विचारते. हे खरं आहे का? की बाजारातल्या बायकांची बडबड? मी नवस मागे घेतला तर माझ्या पोराच्या आणि त्या पेटीच्या मध्ये काहीच राहत नाही. लुआंग फोंनी असं कुणाचं केलं, एक तरी नाव सांगा. एक नाव कळलं की डोळे मिटून येईन.

आपली माया अशीच राहो.

साइबुआ

*

था प्लाथू, ३० मार्च

चि. साइबुआस आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळपासून चारही गाड्या पाहिल्या. उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड पाहिलं. तू आली नाहीस. रात्रीपर्यंत राग होता, आता राग नाही.

तुला नाव हवं आहे. घे. प्रयोंग.

तुझा नवरा, माझा भाऊ. त्याच्या सोडतीच्या आठ दिवस आधी मी लुआंग फोंपुढे बसले आणि काळी चिठ्ठी मागितली. तुझ्यासारखं न कळून नाही. मला माहीत होतं. मिरचीवालीच्या आईने पायरीवर हात धरून मला अडवलं होतं. पण आमच्या आईचा ताप मी नवस बोलले तेव्हा उतरला होता, म्हणून वाटलं, माझं ऐकतात, बाकीच्यांचं ऐकत नसतील. तेवढा माज होता मला. प्रयोंगने हात घातला आणि लाल काढली. माझ्याकडे बघून हसला, म्हणाला की ताई, रडू नको, फौजेतलं जेवण तुझ्यापेक्षा बरं असेल.

एकवीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तू त्याची राख मागायला आलीस तेव्हाही नाही. तुला टोपल्या पाठवत राहिले. तुला वाटलं, नणंद प्रेमळ आहे.

शिव्या दे, पण नंतर. आधी ये. पोस्टमन म्हणतो दोन दिवसांत पोचेल, त्याच्या जिभेवर माझा भरवसा नाही. ओट परवा इथे येईल. त्याच्याकडे कसं बघू कळत नाही.

आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर आशीर्वाद.

थोंगयिप

*

था प्लाथू, ३ एप्रिल, संध्याकाळ

ति. आईस ओटचा शि. सा. न. वि. वि.

काळी. आधी हेच लिहितो, म्हणजे बाकीचं तू सावकाश वाचशील.

आम्ही एकशे बारा जण उघड्या अंगाने उन्हात बसलो होतो, दंडावर शाईने आकडे. एकतीस लाल होत्या. माझ्या आधी लागोपाठ तिघांना लाल आली. तिसरा तर खालीच बसला, दोघांनी उचलून नेला. मग मी हात घातला.

आत्याने आज दुकान उघडलंच नाही. बाजारात म्हणे असं कधी घडलं नव्हतं. दिवसभर कुंपणाला धरून उभी होती, पाणीसुद्धा घेतलं नाही. साहेबाने काळी म्हटलं की ज्याची त्याची आई किंचाळायची. आत्याने मात्र मी बाहेर आल्यावर तीनदा विचारलं, आई येऊन गेली ना. मी म्हटलं, मला नाही माहीत. तर म्हणते, आली असणार, मला न भेटता गेली, तिचं असंच. मग रस्त्यातच खाली बसून रडली. तुमचं दोघींचं काय चाललंय?

हे पत्र रात्रीच्या गाडीने निघालेल्या ओळखीच्या माणसाकडे देतो, मी परवा येतो. काळजी नसावी.

तुझा,
ओट

*

बँकॉक, ६ एप्रिल

ति. वन्सं यांस साइबुआचा सा. न. वि. वि.

तुमचं ३० तारखेचं पत्र काल, ५ तारखेला मिळालं. ओट घरी येऊन जेवायला बसला होता. मी मोरीत जाऊन वाचलं.

आधी खरं सांगते. हे पत्र सोडतीआधी मिळालं असतं तर मी तुमचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. काल रात्रभर मी तुम्हाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. पहाटे मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि मी उठून बसले.

वन्सं, मी आलेच नव्हते. त्या रविवारी स्टेशनपर्यंत आले, तिकीट काढलं आणि गाडी समोरून जाऊ दिली. नवस सोडवेना. आज्ञा मोडली म्हणून तुम्हाला कळवायला धीर झाला नाही. नवस जसा बोलले तसाच राहिला, एक शब्द मागे घेतला नाही. तुम्ही मागितलं तेच मी मागितलं, त्याच ठिकाणी, त्याच लुआंग फोंपुढे. आणि माझ्या पोराला काळी आली.

मग ह्यांची लाल तुमच्या नवसाने कशी आली? ती आली, कारण पेटीत होती आणि ह्यांचा हात तिच्यावर पडला. मिरचीवालीची आई काहीही म्हणो. एकवीस वर्षं तुम्ही जे मनात धरून मासे विकलेत, ते घडलंच नव्हतं.

तुम्ही त्यांना मारलं नाहीत. हे बाजारातलं कुणी नाही, त्यांची बायको सांगते आहे.

धाकटी आहे, तरी या वेळी आशीर्वाद माझा घ्यावा.

तुमची,
साइबुआ