बारा जणांचे डोळे

रोहा,
२ ऑगस्ट २०२५

चिरंजीव सुशीलला मैनाताईचे आशीर्वाद.

घरी सगळी बरी आहेत. कुंडलिकेचं पाणी या आठवड्यात दोनदा वर आलं आणि उतरलं. जैनबचा तलाठी परीक्षेचा अभ्यास चालू आहे, घरभर वह्या पसरल्या आहेत. तुझ्या लेकीचा, सुरभीचा, खोकला गेला का?

तू धाडलेल्या काशीबाईला मी गुडघा दुखतो म्हणून कामाला येत नाही असं सांगितलं. ते खोटं आहे. गुडघा ठणठणीत आहे.

तिने तुझा निरोप दिला. "पाचशे गणपती डोळ्यांवाचून बसलेत, ताईला म्हणावं रुसवा पुरे." सुशील, रुसवा जावयाचा असतो. मला राग आला आहे. एकोणतीस वर्षं तुमच्या कारखान्यात बसले, पण मला राग येतो हे तुला अजून ठाऊक नाही, याचाही राग आला आहे.

मुंबईच्या मंडळाचा तो ऋत्विक जंजिऱ्याच्या देखाव्याची ऑर्डर घेऊन आला, तेव्हा मी तुझ्यापासून चार हातांवर बसले होते. मोबाईल नाचवत तो म्हणाला, "शेठ, तटावर बारा सिद्दी पायजेत. एकदम डेंजर. काळे कुळकुळीत, डोळे लाल, सुळे बाहेर. पोरं रडली पायजेत." तू हसलास. म्हणालास, "होऊन जाईल." ईदला दरवर्षी माझ्या घरी येऊन शिरखुर्मा ओरपतोस, माझ्या दारावरचं आडनाव तू शंभरदा वाचलं आहेस. मला वाटलं, एकदा तरी मान वळवून माझ्याकडे बघशील. तू त्याला चहा सांगितलास.

जंजिऱ्याच्या सिद्दींनी किनाऱ्यावरच्या गावांना छळलं, ते मी नाकारत नाही. किल्ला लढवणारे होते, लुटणारेही होते. पण माझे कोणी नवाब नव्हते रे. आमची माणसं आफ्रिकेतून आली. कोणी शिपाई म्हणून, कोणी विकत घेऊन आणलेलं, जहाजाच्या पोटात बसवून. निजामशाही पाठीवर घेऊन उभा राहिलेला मलिक अंबर असाच विकला गेलेला मुलगा होता. महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलालही आमच्यातलाच. हे मला जैनबने परीक्षेच्या पुस्तकांतून वाचून दाखवलं. मी शेहेचाळीस वर्षांची झाले तोवर कोणी सांगितलं नव्हतं. माझा बाप धरमतरला बार्जवर खलाशी होता. बाजारात लोक त्याला "ए हबशी" म्हणून हाक मारायचे आणि तो वळून "काय शेठ?" म्हणायचा. लहानपणी मला वाटायचं, ते त्याचं दुसरं नाव आहे.

तर तुझ्या कारखान्यात ते बारा पुतळे उभे राहिले. सुळे बसले. डोळे लाल झाले.

बघ, कसं लिहिलं मी. डोळे लाल झाले! जसे काही आपोआप झाले.

मी केले, सुशील. तुझ्या कारखान्यात माझ्याशिवाय डोळ्यांना हात कोण लावतं? चार दिवस बसून चोवीस डोळे लाल केले. काशीबाई पलीकडून गणपतीला सोनेरी लावत होती. म्हणाली, "अगो मैना, ह्यो तिसरा तुज्या भावासारका दिसतंय गो!" सगळे हसले. मीही हसले. ते हसू अजून माझ्या तोंडात आहे, कडू बदामासारखं. तुझ्यावर ओरडायच्या आधी हे सांगायला हवं होतं. सांगवत नव्हतं, म्हणून गुडघा पुढे केला.

चौथ्या दिवशी जैनब पेणला फॉर्म भरायला आली होती, ती डबा घेऊन कारखान्यात आली. पुतळ्यांसमोर उभी राहिली. "अम्मी, हे कोण?"

मी म्हटलं, "राक्षस आहेत. देखाव्यातले."

तिने वाकून बैठकीवर तू खडूने लिहिलेलं वाचलं. सिद्दी एक, सिद्दी दोन, सिद्दी तीन. बाराही वाचले. मग डबा माझ्या पाटाजवळ ठेवला आणि एवढंच विचारलं, "यातली मी कितवी?"

ती गेली. तुम्ही सगळे जेवायला गेलात, तेवढ्यात मी पांढरा रंग घेतला, लाल झाकला आणि नवे डोळे आखले. माझ्या बापाचे. खाडीवरच्या उन्हात बघून बघून थोडे बारीक झालेले, कोपऱ्यात सुरकुती, कोणी हाक मारली तर लगेच वळतील असे. सात झाले होते तेव्हा तू आलास.

"मालक तू का मी?" हे तू सगळ्यांसमोर म्हणालास, ते मी गिळलं असतं. पाच वर्षांचा होतास तेव्हापासून तुझा आवाज ऐकते आहे. पण मग म्हणालास, "तुम्हा लोकांना इतिहास दाखवला की टोचतो." तुम्हा लोकांना! माझ्या मांडीवर बसून पहिला ब्रश धरलास, तेव्हा मी कुठले लोक होते रे?

आणि रंग कालवणाऱ्या मोरूला सांगितलंस, सातही पुन्हा लाल कर.

तुझ्या अण्णांनी मला डोळ्यांची आखणी शिकवली तेव्हा एकच नियम घातला होता. मनात राग असेल त्या दिवशी डोळ्यांना बसायचं नाही, मूर्ती रागावते. आज मी आले तर तुझे पाचशे गणपती पाचशे घरांत डोळे वटारून बसतील. म्हणून आले नाही. रुसून नाही.

मंडळाचा टेम्पो गुरुवारी येणार ना? मी सोमवारी सकाळच्या गाडीने येते. ते बारा जण माझ्या पाटासमोर मांडून ठेव. सुळे कानशीने घासून काढ, तू स्वतः, मोरूला सांगू नकोस. हातात शस्त्रं राहू देत, लढणारी माणसं होती ती. पण माणसं होती. त्यांचे डोळे आधी होतील, गणपतीचे नंतर. ऋत्विकने कटकट केली तर त्याला माझ्याकडे पाठव, "तिसरा माझा भाऊ आहे" म्हणून मीच सांगेन. आणि ते बारा तिथे नसले, तर मी दारातूनच मागे फिरेन. मग आखणीला दुसरं माणूस बघ.

अजून एक. दाराशी अण्णांच्या हातची पाटी आहे, "आखणी : मैना". पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "खरं नाव नको गो, गिऱ्हाईक चौकशा करतं. मैना बरं." त्यांची माया होती, मला ठाऊक आहे. भीतीही होती. मीही एकोणतीस वर्षं त्या नावाला "ओ" देत आले, बापासारखीच.

ती पाटी उतरवून पुसून ठेव. सोमवारी पहिलं काम तेच. अक्षरं मीच काढीन, पण नाव तुला आधी वाचायला हवं, म्हणून इथे लिहिते.

तुझी ताई,
मैमुना इब्राहिम सिद्दी