दोन गोळ्यांची पोळी

शनिवार संध्याकाळ, गाझियाबाद

काय गरज होती मला! आईने सहज विचारलं, तुझ्या संशोधनातले ते दोन तारे एकमेकांत मिसळतात म्हणजे नक्की काय होतं? मी तिच्याच कणकेचे दोन गोळे घेतले, एकमेकांभोवती फिरवत जवळ आणले आणि दाबले. "मग मोठा भडका उडतो, लालभडक."

"अच्छा. आणि उरतो कुठला?"

"एकच. दोघांचा मिळून."

तिने त्याच गोळ्याची पोळी लाटली. तेव्हा कुठे मला आठवलं, बाबांची पोळी नेहमी दोन गोळ्यांची असायची. ते गेल्यापासून तशी झालीच नव्हती. माझी अक्कल!

आईने ती मधोमध मोडून अर्धी माझ्या ताटात वाढली. "त्यांच्या मापाची झाली बघ."

दोघींना पुरली.