विमानाच्या खिडकीवरचे चरे

३ जून १९६३, सोम.
पुन्हा चरे! शनिवारी सहापर्यंत बसून मॉडेल-विमानाची पुढची काच लख्ख केली होती. काच म्हणायची आपली, आहे पर्स्पेक्स, पारदर्शक प्लास्टिक. कोरडं फडकं फिरवलं तरी ओरखडते. आज पाहतो तर दोन नवे.
नरसिंगअण्णा म्हणाले, "मी नुसती धूळ पुसली की रे."
कोरड्या फडक्याने! ज्यांनी मला कारखान्याच्या या मॉडेल शॉपमध्ये कानस धरायला शिकवली, त्यांनी!

५ जून
ओला पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही. शेवटी पितळ घासायचं पॉलिश, मऊ सुती चिंधीवर. चरा आहे तेवढंच घासून चालत नाही, तिथे खळगा पडतो. सगळी काच सारखी घासायची. खांदा भरून आला. घरी बायको, सुधा, म्हणते, "घरातली भांडी कधी अशी घासलीत?"

७ जून
आता डावीकडची तिसरी खिडकी. अण्णांची कानस पंखावरून सरकली. "होतं स्वल्प इकडे-तिकडे." स्वल्प! नको ते बोललो.
साहेबांची तंबी: मॉडेल पुढच्या शनिवारी दिल्लीला, प्रदर्शनात. रोज कोण खराब करतं ते कळलं तर त्याला या खात्यात ठेवणार नाही म्हणाले.

१० जून, सोम.
कहर. कुणीतरी तीच खिडकी पेट्रोलने पुसली. आत जाळं धरल्यासारख्या बारीक भेगा. या कितीही घासा, जात नाहीत. खिडकी नवीच बसवायची.
कुणीतरी म्हणजे कोण! भांडायलाच गेलो. अण्णा म्हणाले, साबणाचं पाणी समजून घेतलं, सर्दीमुळे वास कळला नाही.
"वास कशाला? लेबल आहे ना एवढं!"
अण्णांनी पेट्रोलची बाटली हातात फिरवली. हळूच विचारलं, "कुठंय लेबल?"
मीच लावलेलं. लाल शाईत, बोटाएवढी अक्षरं. त्यांच्या अंगठ्याखाली.

११ जून
डबा खाताना अण्णांनी सगळं सांगितलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. दोन वर्षं झाली. लाकडाचं काम हाताला कळतं म्हणून निभावलं. काचेवरचा चरा बोटाला लागत नाही.
ऑपरेशन? थोरल्या भावाचा डोळा त्यातच गेला, म्हणून भीती. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. "कुणाला बोलू नकोस, केशवा."
मग मला तरी कशाला सांगितलंत? संताप होतो. त्यांचा आणि माझाही. दोन वर्षं समजत होतो, म्हातारा निष्काळजी आहे.

१४ जून
नवी खिडकी बसवली, घासली. पुढच्या काचेवर एक बारीक रेघ राहिली होती, साहेबांनी नेमकी उजेडात धरली.
"हे कोणाचं काम?"
अण्णा स्टुलावरून उठू लागले. मी म्हटलं, "माझं, सर."
सगळ्यांसमोर झापलं. वर पुढचं मॉडेल दुसऱ्याकडे देईन म्हणाले. रेघ काढली, मेण लावलं, पेटीत भरलं. अण्णा डबा उचलून निघून गेले. निदान आभार तरी...

१६ जून, रवि.
चामराजपेटेत अण्णांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीने, अक्कांनी उघडलं. अण्णा बाहेरच्या खोलीत बसले होते. सरळ सांगितलं, "पुढच्या वेळी मी माझं नाव घेणार नाही. डोळे दाखवून या."
"सरी, बरं, बघू."
बघू! तिथेच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.
निघताना अक्का फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "ताटात वाटी कुठल्या बाजूला ठेवली ते मी दोन वर्षं वाढताना सांगते. ह्यांना वाटतं, मला माहीत नाही."

१७ जून
सकाळी अण्णा माझ्या टेबलाशी. "रजेचा अर्ज लिही. माझ्या नावाने."
"किती दिवस? कारण?"
"ते नंतर. आधी सही घे."
दोन्ही जागा कोऱ्या ठेवल्या. अण्णांनी सही केली, ओळीच्या बरीच खाली. पाच वाजले, अण्णा घरी गेले. डॉक्टरांचं नाव अजून काढलेलं नाही. अर्ज माझ्या खणात.