नदीपलीकडचा पऱ्हा

माय, आज वर्गात मी तुझं धान शिकवलं. कोणाचं ते मात्र सांगितलं नाही. फळ्यावर पेशी काढली, मधोमध केंद्रक काढलं, बाजूला तंतुकणिका काढल्या आणि त्यांना पेशीची चूल म्हटलं, कारण अन्न जाळून ताकद करायचं काम त्यांचं. मग सांगितलं की या चुलीजवळ स्वतःची थोडी जनुकं असतात, पण त्यांनी कधी बोलायचं नि कधी गप्प बसायचं हे बरंचसं केंद्रकाकडून आलेली प्रथिनं ठरवतात. मुलांनी निमूट उतरवून घेतलं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारच्या तासाला याहून जास्त कोणी मागू नये. मला मात्र फळ्यासमोर उभं राहून नाल्याकाठची आपली धानाची बांधी दिसत होती.

मी लहान होते, त्या हिवाळ्यात तू गावातल्या बायांबरोबर प्राणहिता ओलांडून पलीकडच्या तेलुगू मुलखात बियाण्याच्या शेतांवर रोवणीला गेली होतीस. रोवणी आटोपल्यावर रोपांचा काही पऱ्हा उरला. मुकादम म्हणाला फेकून द्या. हिरवं रोप फेकणं तुझ्याच्यानं कुठलं होतंय! ओल्या पोत्यात गुंडाळून तू तो डोंग्यातून नदीपार आणलास, बसमध्ये मांडीवर घेऊन बसलीस आणि घरी येऊन चहाही न घेता नाल्याकाठी लावून मोकळी झालीस. बा म्हणाला, "या दिवसात धान कोन लावते वं?" आणि तू म्हणालीस, "पानी आहे ना नाल्याले. मंग लावलं त काय झालं?" सगळ्या शिवारात तेवढा एकच हिरवा तुकडा. रोज संध्याकाळी मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बघायची आणि आपल्याकडे काहीतरी आहे असं वाटून छाती फुगायची माझी.

धान निसवून लोंबी यायच्या सुमारास तू पुन्हा पलीकडे गेलीस, दोरी ओढायला. उन्हं चढली की दोघींनी दोन टोकं धरून लांब दोरी फुललेल्या धानावरून ओढत न्यायची, परत आणायची, पुन्हा न्यायची. कशासाठी, ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तू आपली समजूत करून घेतली होतीस, "किडे उडवत असन." हात सोलवटून तू घरी आलीस आणि तशीच बांधीत गेलीस. लोंबी ताठ उभ्या होत्या. मला ते चांगलंच वाटलं होतं; दाणा भरला की लोंब वाकते हे कुठे ठाऊक होतं. तू एक लोंब चिमटीत धरलीस, दाबलीस, दुसरी दाबलीस, मग भराभर दाबत बांधीभर फिरलीस. सगळं फोल. शेजारची म्हातारी आली, तिनंही दोन लोंबी पाहिल्या नि म्हणाली, "हात उतरला वं तुहा." वाईट मनानं नाही म्हणाली. पण म्हणाली.

तोवर गावात रोवणीच्या रोपांची पहिली पेंडी तुझ्या हातून सुटायची. तुझ्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे आणि तू, नको नको म्हणत, लुगड्याचा काष्टा खोचून सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायचीस. त्या पावसाळ्यात कोणी भांडलं नाही, बोललं नाही, फक्त दुसऱ्याच बाईला बोलावलं. त्यानंतर तू पेंड्या वाहिल्यास, निंदण केलंस, सगळ्यांच्या भाकरी शेतावर नेल्यास, पण रोप लावलं नाहीस. अंगणात वांग्याचंसुद्धा नाही. मी पेंडी उचलली की धावत येऊन हिसकून घ्यायचीस. "तू नोको हात लावू. माहा हात तुले लागन." मला तुझा राग यायचा. अजून येतो. एवढी खमकी बाई तू, बसच्या कंडक्टरशी भांडणारी, आणि मूठभर पोचट धानापुढे अशी हरलीस!

तू कायमची गेलीस त्याच्या पुढच्याच वर्षी नागपूरला एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी फळ्यावर नर-मादीच्या ओळी काढल्या आणि मध्ये दोरी काढली. तीच तुझी दोरी. मादीच्या ओळीतल्या त्या धानाच्या तंतुकणिकांत एक आगाऊ जनुक असतं, इथले-तिथले तुकडे जुळून झालेलं. ते बोलू लागलं की पराग बनता बनताच मरतात. बाकी झाड हिरवंगार. नराच्या ओळीतल्या धानाच्या केंद्रकात त्याला गप्प करणारं जनुक असतं. त्याचं प्रथिन तंतुकणिकेत शिरतं आणि त्या आगाऊ जनुकाचा निरोप तोडून टाकतं. जनुक जागच्या जागी राहतं, त्याचं काही चालत नाही एवढंच. संकरित बी मिळावं म्हणून बियाणंवाले मादीच्या ओळी मुद्दाम गप्प करणाऱ्याविना ठेवतात आणि नराचे पराग दोरीनं तिच्यावर पाडतात. तू आणलेला पऱ्हा सगळा मादीचा होता, माय. शिवारात दुसरं धान नाही, पराग येणार कुठून? तू तिकडे परक्याच्या धानाला दोरी लावत होतीस तेव्हाच इकडे तुझं धान एकटं फुलत होतं. तुझ्या हाताचा यात काडीचा संबंध नव्हता.

मी तशीच गाडी पकडून गावी गेले आणि बाला सगळं सांगितलं, ओसरीवर खडूनं ओळी काढून. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "आता कोनाले सांगून राह्यली तू?" म्हातारीही तोवर गेली होती. एवढं शिकले ते कशासाठी, असं त्या दिवशी वाटलं आणि ते वाटणं काही अजून गेलेलं नाही. वर्गात मी दरवर्षी सांगते की तंतुकणिका आईकडूनच येतात, बापाच्या येत नाहीत, आणि दरवर्षी त्या वाक्यावर माझी जीभ अडते.

हे पत्र कुठे टाकायचं, सांग. बा गेल्यावर गावी आता आपलं कोणी नाही, आणि तुला वाचता कुठे येत होतं! कपाटात राहील झालं. एक तेवढं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात कॉलेजात झाडं लावायचा कार्यक्रम असतो. शिपाईभाऊ खड्डा खणून ठेवतात. गेल्या वर्षी आरमोरीकडच्या एका मुलीनं कडुनिंबाचं रोप माझ्या हातात दिलं. "मॅडम, तुम्ही लावा ना. तुम्ही तं बॉटनीच्या." सगळे बघत होते. तुझ्या बांधीत काय झालं ते त्या आवारात मला एकटीलाच माहीत होतं, अगदी जनुकापर्यंत. मी ते रोप तिलाच परत दिलं आणि म्हणाले, तू लाव बाई, तुझ्या हातचं जगेल.